तिसरा खण

त्या घरात मागच्या दारी जायचं तर अंग तिरकं करून जावं लागे. स्वयंपाकघर आणि मागचं दार यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता. बोळात जाड फळी, फळीवर होडीची बॅटरी, तिच्याशेजारी गुरगुरणारा चार्जर, आणि वर एक खिडकी. ती खिडकी कितीही गारठा असला तरी उघडी ठेवायची असा नियम होता. चार्ज होताना बॅटरीतून वायू सुटतो, तो कोंडला आणि कोणी काडी ओढली की संपलंच. नियम जावयाने केला होता आणि त्या नियमापायी सगळ्यात जास्त कुडकुडायचाही तोच, कारण नवराबायकोची खोली बोळाला लागून होती.

बॅटऱ्या दोन होत्या. इंजिनावरचा डायनामो म्हातारा झालेला, चार्ज करायचा तो नावापुरता. म्हणून आज होडीवर गेलेली बॅटरी संध्याकाळी घरी यायची आणि घरी पोट भरून बसलेली दुसऱ्या सकाळी होडीवर जायची. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीला पाणी दिलं का, धाकटी आज तापली का, असल्या चौकशा ऐकून बाहेरच्याला वाटावं की या घरात दोन लेकी आहेत. लेक खरं तर एकच होती, आणि तिचा नवरा घरजावई होता.

घरजावई म्हणजे आयतं ताट असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा महिनाभर होऊन बघावं. हा गडी आला होता होडीच्या दिव्यांची वायर बदलायला. वायर बदलून झाली, चहा झाला, चहा घेऊन आलेली मुलगी आवडली, तिलाही हा आवडला. सासू त्याआधीच वारली होती. सासरे म्हणाले, "लग्न करा, पण चार दिवस इथेच राहा. घर एकदम रिकामं नको व्हायला." त्या चार दिवसांना आता कित्येक वर्षं झाली होती. धक्क्यावर त्याला सगळे 'बॅटरी' म्हणत. त्याने कधी हरकत घेतली नाही, कारण एका टोपणनावाला हरकत घेणाऱ्याला लगेच दुसरं, जास्त वाईट मिळतं.

होडीवर तो कधी गेला नाही. म्हणजे एकदा गेला होता. काहींना गाडी लागते तशी याला होडी लागायची, आणि त्या एका फेरीत सासऱ्यांनी मासे कमी आणि जावई जास्त सांभाळला. तेव्हापासून वाटणी ठरली: पाणी सासऱ्यांचं, बॅटरी जावयाची.

आणि बॅटरी म्हटलं तर काम संपत नाही. संध्याकाळी ती घरी आली की आधी वरची खारट ओल पुसायची. टर्मिनलवर पांढरी हिरवी बुरशी चढलेली असेल तर सोडा घातलेल्या कोमट पाण्याने घासायची, कोरडं करून ग्रीस लावायचं. मग सहाही झाकणं उघडायची. आत सहा खण. प्लेटा बुडलेल्या आहेत का बघायचं, नसतील तर बॅटरीचं शुद्ध पाणी घालायचं, नळाचं नाही, आणि काठोकाठ भरायचं नाही. मग रात्रभर चार्जिंग. सकाळी होडीवर न्यायच्या आधी पिचकारी. पिचकारी म्हणजे रबरी फुगा लावलेली काचेची नळी. फुगा दाबून सोडला की खणातलं ॲसिड नळीत चढतं आणि आतला तरंगता मणी सांगतो, हिरवा की पांढरा की लाल. हिरवा म्हणजे खण भरलेला, लाल म्हणजे रिकामा. सहांतला एक जरी लाल निघाला तरी बाकीच्या पाचांच्या हिरव्याला काडीची किंमत नाही. या कामात त्याची एकही पँट धड राहिली नव्हती. ॲसिडचा थेंब उडताना कळत नाही आणि कापड वाळल्यावरही काही दिसत नाही. ते धुतलं की मग भोकं पडतात. बायको त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. तो नियम तिचा होता.

आता त्याच्या खिशात एक चावी होती, आणि सगळं दुखणं त्या चावीचं होतं.

वरच्या रस्त्याला एका शिंपीणबाईंच्या घराची पुढची खोली रिकामी झाली होती. रस्त्याकडे रुंद दार, मागे राहायला दोन खोल्या. जावयाच्या मनात तिथे स्वतःचं बॅटरीचं दुकान होतं, मनात तर त्याची पाटीसुद्धा रंगवून झाली होती. शिंपीणबाईंनी चावी हातात ठेवली आणि म्हणाल्या, "बघा, झाडा, बसून बघा. पण महिनाअखेर काय ते सांगा. दुसरा एक जण दोनदा येऊन गेलाय."

बायकोला सांगितलं तेव्हा तिने चावी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाली, "तुम्ही बाबांना सांगा. मी ट्रंक भरायला घेते."

आता सांगणं एवढंच राहिलं होतं, आणि तेच होत नव्हतं. सासरे वाईट असते तर सोपं होतं, भांडून निघता आलं असतं. पण म्हातारा ताटातला मोठा मासा न बोलता जावयाच्या ताटात सरकवायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊनही 'जावईबापू' आणि 'तुम्ही' सोडत नव्हता. अशा माणसाला कसं सांगणार की आम्हाला तुमच्या घरात श्वास घेता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्यात जावयाने स्वतःच एक अट घालून घेतली. बायकोला म्हणाला, "जाताना बाबांच्या हाती दोन धड बॅटऱ्या देऊन जायचं. उद्या धक्क्यावर कोणी म्हणायला नको, जावई गेला आणि म्हातारा मधेच अडकला."

"बरोबर आहे तुमचं," बायको म्हणाली.

आणि त्याच आठवड्यात धाकटीचा तिसरा खण लाल झाला.

धाकटीचं वय झालंच होतं. जावई सासऱ्यांना घेऊन बाजारात बॅटरीच्या दुकानी गेला, आणि खरं तर सगळं तिथेच सुटणार होतं. दुकानदार बोलघेवडा होता. म्हणाला, "इंजिन सुरू करायला ताकद लागते क्षणभर, पण भरपूर. दिवे, वायरलेस, मासे दाखवणारं यंत्र, यांना लागते थोडी, पण तासन् तास. दोन्ही कामं एकीच्याच गळ्यात घातलीत तर ती बिचारी दोन सासवांची सून होते."

जावयाने मुद्दा उचलला. "बाबा, दोन बंद बॅटऱ्या घेऊ. बंद म्हणजे पाणी घालणं नाही, झाकण नाही. एक फक्त इंजिनाला, एक बाकीच्याला. दोन्ही होडीवरच राहतील. डायनामो बदलून टाकतो. मग रोज घरी वाहून आणायला नको."

सासऱ्यांनी बंद बॅटरीवर टिचकी मारून बघितली. कलिंगड घेताना मारतात तशी. "झाकणच नाही हिला. पोटात काय चाललंय ते कळायचं कसं? ज्याच्या आत डोकावता येत नाही त्याचा मला भरवसा नाही." मग दुकानदाराकडे बघून म्हणाले, "शिवाय घरात असा जावई असताना बंद बॅटरी घेतली तर जावईबापूंनी करायचं काय?"

दुकानदार हसला. जावईही हसला, कारण सासऱ्यांच्या विनोदाला हसायचं असतं. झाकणांची नवी बॅटरी घेऊन दोघे घरी आले. ती नवी धाकटी झाली.

नव्या बॅटरीला काही व्हायचं कारण नव्हतं. तरी जावई सासऱ्यांशी बोलायचा दिवस ठरवायचा, बायकोला सांगायचा, आणि सकाळी पिचकारी लावली की धाकटीचा तिसरा खण लाल. बाकीचे पाच हिरवे. तो ॲसिड घालायचा, जास्तीचं चार्जिंग द्यायचा, खण वर यायचा. तो पुन्हा बोलायचं ठरवायचा, की खण पुन्हा खाली. तो दुकानदाराकडे जाऊन भांडला. दुकानदार म्हणाला, "प्लेट खराब असती तर खण वर आलाच नसता. कोणीतरी पाणी जास्त घालतंय."

कोणीतरी? बॅटरीला त्याच्याशिवाय हात लावतं कोण?

मग त्याला स्टूल आठवलं. सासरे हल्ली रोज संध्याकाळी बोळात स्टूल टाकून बसायचे, बॅटरीच्या अगदी कानाशी. काय करता विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, तिचं गुरगुरणं ऐकतो. सोबत वाटते." एकदा तिसऱ्या खणाचं झाकण सैल लागलेलं सापडलं, तेव्हा जावयाच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणूनच बंद बॅटरी नको. म्हणूनच झाकणं हवीत. म्हाताऱ्याला वास लागलाय आणि म्हातारा आपल्याला अडकवून ठेवतोय. ताटात सरकवलेले ते सगळे मासे त्याला एकदम गळाला लावलेले वाटायला लागले.

महिना संपत आला. एका संध्याकाळी त्याने धीर केला. "बाबा, थोडं बोलायचं होतं."

सासरे स्टुलावर होते. त्यांनी मान वर केली, काहीतरी बोलणार होते, मग बॅटरीकडे बघितलं. "बोलू ना. आधी उद्याची फेरी होऊ दे. उद्या संध्याकाळी निवांत बसू, मलाही बोलायचंय. धाकटी नीट आहे ना?"

धाकटी पुन्हा आलीच. जावई खोलीत जाऊन पलंगावर बसला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "खण कालच वर आणलाय," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी सांगणार म्हणजे सांगणार. परवा आपण वरच्या रस्त्याला."

"बरं," बायको म्हणाली आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

सकाळी तो उठला तोच डोकं तापवून. बायको आधीच उठून मागे कपडे धूत होती. बोळात तो धाकटीसमोर उभा राहिला. पिचकारी खिळ्याला टांगलेली होती. ती लावायची, मणी लाल दिसायचा, मग थोरली द्यायची, मग आजही बोलणं नाही. त्याला पुढचं सगळं पाठ होतं. मरो ती पिचकारी, तो मनात म्हणाला. बघायलाच नको. त्याने क्लिपा काढल्या, बॅटरी उचलली आणि थेट धक्क्यावर नेली. इतक्या वर्षांत न तपासता बॅटरी होडीवर गेली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

सासरे होडीत वाट बघत होते. पेटीत बॅटरी बसवून त्याने वायरी आवळल्या.

"तपासलीत ना, जावईबापू?"

"हो," तो म्हणाला.

बटण दाबलं तसं इंजिन जरा कुंथलं आणि सुरू झालं. सासऱ्यांनी हात केला. जावई वळला तो थेट घरी, झाडू घेऊन वरची खोली झाडायला जायचं म्हणून.

झाडू मागच्या अंगणात असायचा. तिथे दोरीवर बायकोचा घरात घालायचा निळा गाऊन निथळत होता. जावई त्याच्याखालून वाकून गेला, झाडू घेतला, वर बघितलं, आणि त्याला गाऊनमधून आभाळ दिसलं.

पोटाच्या जागी बारीक बारीक भोकं होती. कडा पिवळट, भुसभुशीत. त्याने बोट लावलं तर दोन भोकांची एक झाली. त्याचे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळ्या दोरीवर. त्याच्या कपड्यांचं हे लागलेलं नव्हतं. गाऊन घालून कोणीतरी फळीवर ओणवं झालं होतं, पोट टेकवून, पिचकारीतलं ॲसिड कशात तरी रिकामं करत आणि त्या जागी पाणी भरत. आणि हे आजच धुतलं होतं, म्हणजे खण कालच रिकामा झाला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतके दिवस तो म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होता.

बायको स्वयंपाकघरात होती. तो ओला गाऊन तसाच हातात घेऊन दारात उभा राहिला. तिने गाऊन बघितला, त्याचं तोंड बघितलं, आणि विचारलं,

"सकाळी तपासलीत ना? थोरलीच दिलीत ना?"

"नाही," तो म्हणाला. "धाकटी दिली. न तपासता."

ती हातातलं टाकून, चप्पल न घालता निघाली.

दोघे धक्क्यावर आले. तिथल्या एका होडीवरून वायरलेसवर हाक मारायला सांगितली, उत्तर आलं नाही. येणार कुठून? दिवे, वायरलेस, इंजिन, सगळं त्या एकाच बॅटरीवर. जाळं टाकताना इंजिन बंद करायचं, यंत्र आणि वायरलेस चालू ठेवायचं, ही म्हाताऱ्याची पद्धत. तिसऱ्या खणात अर्धं पाणी. एकदा बंद केलेलं इंजिन आज पुन्हा सुरू होणार नव्हतं. हाताने फिरवायचा दांडा होता, पण तो फिरवायचा खांदा म्हाताऱ्याकडे उरला नव्हता. शेजारच्या होडीवाल्याला सांगितलं, तो म्हणाला, "कुठे टाकतो जाळं ते मला माहीत आहे, बघून येतो," आणि त्याने आपली होडी काढली. मग दोघांना करण्यासारखं काहीच उरलं नाही. दोरखंडाच्या ढिगावर ती बसली, तो उभा राहिला.

"का?" त्याने विचारलं.

"जायचं नव्हतं असं नाही." ती पाण्याकडे बघत होती. "आज नको, एवढंच. प्रत्येक वेळी आज नको. आई गेली त्या वर्षी बाबा होडीवरून घरी यायचेच नाहीत, अंधार पडेपर्यंत धक्क्यावर नुसते बसून राहायचे. मला जाऊन आणावं लागायचं. आपण गेलो की कोण आणणार?"

"मग मला सांगायचं ना."

"ती चावी घेऊन आलात तेव्हा तुमचं तोंड बघितलं होतं मी. कसं सांगणार होते? तुम्हाला तरी बाबांना कुठे सांगता आलं?"

तो खिशातली चावी चाचपत राहिला.

"तुम्ही तपासल्याशिवाय बॅटरी घराबाहेर जात नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, काही झालं तरी ती घरातच होईल. तुमच्या पिचकारीवर माझा भरवसा होता."

त्याला तिचा राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्या रागाला बसायला जागा मिळेना. तिने खण रिकामा केला, आणि रिकामा खण त्याने म्हाताऱ्याच्या हाती दिला, वर 'हो' म्हणून सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. भीती मात्र दोघांची एकच होती. तो तिच्या शेजारी बसला.

एकेक होडी येत होती. प्रत्येक इंजिनाचा आवाज दोघे कान देऊन ऐकायचे आणि आपला नाही म्हणून सोडून द्यायचे. ऊन कलायला लागलं तेव्हा शेजारच्याची होडी दिसली. ती नेहमीपेक्षा हळू येत होती, आणि मागे दोरीला बांधलेली दुसरी होडी होती. तिच्यात एक माणूस बसलेला होता, उभा नव्हता. सासरे कधी बसून धक्क्याला आले नव्हते. बायकोने त्याचा हात इतका घट्ट धरला की दुखलं.

"खडकाच्या अंगाला वाहत चालला होता," शेजारचा होडीवाला दोरी फेकत म्हणाला. "थोडं उशिरा गेलो असतो तर होडी फुटलीच होती."

जावयाने म्हाताऱ्याला हात देऊन वर घेतलं. वर आल्यावरही म्हाताऱ्याने तो हात सोडला नाही.

घरी आल्यावर सासरे खोलीत गेले नाहीत. बोळातल्या स्टुलावरच बसले. फळीवर थोरली एकटीच होती. जावयाने धाकटी आणून फळीवर ठेवली आणि तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "बाबा, मी सकाळी तपासली नव्हती. तुम्हाला खोटं सांगितलं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याने हात हलवला, माशी वारतात तसा.

"चूक कोणाची होत नाही? ते सोडा." मग ते बॅटरीकडे बघत म्हणाले, "मला सगळं माहीत होतं, जावईबापू. वरच्या रस्त्याची खोली. शिंपीणबाईंनीच सांगितलं, केव्हाच. वाट बघत होतो, तुम्ही कधी बोलता याची. नाही बोललात. मग म्हटलं आपणच बोलावं. त्या दुकानदाराला दोन बंद बॅटऱ्या बाजूला ठेवायला सांगून आलोय. आज संध्याकाळी तुम्हाला दोघांना समोर बसवणार होतो आणि म्हणणार होतो, जा बाबांनो, आपलं दुकान थाटा, या म्हाताऱ्याचं म्हातारा बघेल. सकाळी निघाल्यापासून जाळं टाकेपर्यंत हेच घोकत होतो, कसं म्हणायचं ते."

बायको दारातच खाली बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जावयाला तिच्याकडे बघवेना.

"मग ते बंद पडलं," सासरे म्हणाले. "बटण दाबतो तर नुसतं टक. हाक मारतो तर वायरलेस मुका. दांडा मारायला गेलो, खांद्याने दगा दिला. आयुष्य गेलं पाण्यात, मला कधी असं झालं नव्हतं. खडक जवळ येत होता आणि मी नुसता बघत होतो. मी भ्यायलो." त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते. "नको जाऊस, पोरा. बंद बॅटरी असो की उघडी, मला आता एकट्याला होडीत बसवणार नाही. तू बरोबर येत जा. होडी लागते तुला, ठाऊक आहे. सवय होईल. नको जाऊस."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

"नाही जात, बाबा," जावई म्हणाला. दुसरं काही म्हणता येणं शक्यच नव्हतं.

सासरे आडवे झाले, त्यांचा डोळा लागला. मग बायको पलंगाखाली वाकली आणि ट्रंकेच्या मागून एक काचेची बाटली काढून आणली. बाटलीत ॲसिड होतं. "मोरीत ओतायचं नाही असं तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणून ठेवलं."

त्याला हसू आलं की रडू हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मी बाबांना खरं सांगते," ती हळू आवाजात म्हणाली. "उठले की सांगते. मग ते तुम्हाला थांबवणार नाहीत."

त्याने खरोखर विचार केला. चावी खिशात टोचत होती. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य बोलायला ती तयार होती. मग त्याला म्हाताऱ्याचा तो हात आठवला, धक्क्यावर धरलेला.

"सांगून काय होणार? म्हाताऱ्याची भीती जाणार आहे का? उलट लेकीवरचा भरवसाही जाईल." त्याने धाकटीचं तिसरं झाकण फिरवलं. "धर, पिचकारी धर. सरळ धर. आणि हो, पुन्हा कधी गाऊन घालून बॅटरीवर वाकायचं नाही. जुनं पोतं बांधायचं पुढे."

दोघांनी मिळून तिसऱ्या खणातलं पाणचट ॲसिड ओढून काढलं आणि बाटलीतलं ॲसिड धार न तुटू देता आत सोडलं. चार्जर लावला. तो गुरगुरायला लागला. बोळात दोन माणसं आमनेसामने उभी राहिली की तिसऱ्याला जायला वाट राहत नाही. दोघे तसेच उभे राहिले.

सकाळी त्याने पिचकारी लावली. सहाच्या सहा खण हिरवे. असे लख्ख हिरवे त्याने कधी बघितले नव्हते. वाटेत शिंपीणबाईंचं दार ठोठावून चावी त्यांच्या हातात दिली. "का हो, आवडली नाही का खोली?" त्यांनी विचारलं. "फार आवडली," तो म्हणाला, आणि बॅटरी खांद्यावर घेऊन धक्क्याकडे उतरला.

बायको धक्क्यावर आली होती. तिने बरोबर लिंबू आणि कोरडं फडकं दिलं, ओकारी येईल म्हणून. सासऱ्यांनी त्याला बॅटरीच्या पेटीवर बसवलं, कारण होडी तिथे कमी हलते. त्याने वायरी आवळल्या, दोनदा ओढून बघितल्या. लाटेने होडी एकदा उचलली गेली आणि त्याने लिंबू नाकाशी धरलं.

"तपासलीस ना, पोरा?"

"हो बाबा. या वेळी खरंच."

म्हाताऱ्याने बटण दाबलं. इतकी वर्षं जावयाने ज्या एका आवाजासाठी हात भाजून घेतले होते, पँटना भोकं पाडून घेतली होती, तो आवाज आता येणार होता, आणि आज पहिल्यांदाच त्याला मनापासून वाटलं की तो येऊ नये. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं.